दहावीच्या निरोपाचं भाषण: बारा दिवसांची तयारी, सात मिनिटांचं बोलणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीचा शेवटचा आठवडा लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांमध्ये दहावीच्या निरोप समारंभाच्या तारखा ठरू लागतात. नववीची मुलं फलकलेखनाला लागतात, वर्गणी जमते, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीसाठी आचारी सांगितला जातो. एवढ्या सगळ्यात वर्गशिक्षकाच्या भाषणाची तयारी तेवढी राहून जाते. ते आदल्या रात्री मोबाइलवर शोधलं जातं, त्यातली शाळेची आणि गावाची नावं बदलली जातात, आणि एकाच आठवड्यात तालुक्यातल्या तीन-चार शाळांत तेच भाषण ऐकू येतं. समोर बसलेल्या मुलांनी या शिक्षकाचा आवाज वर्षानुवर्षं रोज ऐकलेला असतो. आजचं बोलणं उसनं आहे हे त्यांना पहिल्या मिनिटात कळतं.

हे भाषण चांगलं व्हायला वक्तृत्वाची देणगी लागत नाही. बारा दिवस, वर्गाचा हजेरीपट आणि एक घड्याळ एवढं पुरतं. यंदा ज्या शिक्षक-शिक्षिकांवर ही पाळी पहिल्यांदा आली आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे पत्र.

आधी वेळेचा हिशोब. कार्यक्रम पत्रिकेवर अकराचा असतो, पाहुणे येईपर्यंत साडेअकरा होतात. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार आणि प्रास्ताविक यांत अर्धा तास जातो. आठ मुलांची मनोगतं चार-चार मिनिटांची धरली तरी आणखी अर्धा तास. मग प्रमुख पाहुणे पंचवीस मिनिटं, अध्यक्ष वीस मिनिटं. वर्गशिक्षकाची पाळी येते तेव्हा दीड वाजलेला असतो. खान्देशात फेब्रुवारीची सकाळ गार असली तरी दुपारचं ऊन चांगलंच लागतं, आणि मुलं ताडपत्रीवर दोन तास मांडी घालून बसलेली असतात. मागून बट्टी तळल्याचा वास येत असतो. अशा वेळी वीस मिनिटांचं भाषण कुणीही ऐकू शकत नाही. ऐकणाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

म्हणून दोन गोष्टी आधीच करून घ्याव्यात. सूत्रसंचालन करणाऱ्या सहकाऱ्याला सांगून आपलं भाषण मुलांच्या मनोगतांनंतर लगेच आणि पाहुण्यांच्या आधी लावून घ्यावं. यात पाहुण्यांचा अपमान होत नाही, उलट त्यांना या वर्गाची ओळख होते आणि तेही मग नेमकं बोलतात. दुसरं म्हणजे आपली वेळ सात मिनिटं धरावी. मोकळ्या पटांगणात माइकवर बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या पुढं जाऊ नये, नाहीतर मागच्या ओळीत नुसता आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. म्हणजे हातात सातशे शब्द आले. एकरेघी वहीची साधारण साडेतीन पानं. याहून जास्त लिहिलं असेल तर भरभर बोलून ते बसवू नये, कापावं.

आता मुख्य काम. समारंभाच्या बारा दिवस आधी हजेरीपटावरची नावं एका कोऱ्या वहीत उतरवून घ्यावीत. पटावर पासष्ट मुलं असतील तर रोज सहा नावं घ्यावीत आणि प्रत्येकापुढं एकच ओळ लिहावी. ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. ‘हुशार’, ‘शांत’, ‘खोडकर’, ‘होतकरू’ असे शब्द इथं चालत नाहीत, कारण तो आपण मारलेला शिक्का असतो, त्यात मूल दिसत नाही. ‘परिपाठाच्या आधी ढोलकीची दोरी स्वतः ओढून बघतो’ हे पाहिलेलं आहे. ‘प्रयोग झाल्यावर सगळ्या गटांच्या परीक्षानळ्या धुऊन स्टँडला उलट्या लावते’ हेही पाहिलेलं आहे. ‘भूमितीच्या तासाला कंपास मागच्या बाकावर देऊन ठेवतो आणि स्वतः वर्तुळ शेवटी काढतो’ अशी ओळ सापडली की त्या मुलाविषयी आणखी काही सांगावं लागत नाही.

दहा-पंधरा नावांपुढं रकाना कोरा राहतो. बहुतेक ती मधल्या रांगांतली मुलं असतात, ना तक्रार ना बक्षीस. त्यांच्याविषयी शिपायांना विचारावं, प्रयोगशाळा परिचरांना विचारावं, ग्रंथपालांना विचारावं. मानव विकास कार्यक्रमातल्या, शाळेच्या मुलींसाठीच्या एसटी बसनं येणाऱ्या मुलींबद्दल बसचे वाहक पुष्कळ सांगतात: कोण धाकट्या बहिणीला खिडकीची जागा देते, कोण उतरताना सगळ्यांची दप्तरं खाली देते. तरीही रकाना कोराच राहिला तर त्या मुलाशी पुढच्या चार दिवसांत मुद्दाम बोलावं. हे भाषणासाठी सुरू केलेलं काम असलं तरी भाषणापेक्षा मोठं आहे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती, आणि तिथल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढत. मुलांसाठी रोज काहीतरी लिहायचं, ही पद्धत आपल्याच भागातल्या शाळेत शंभर वर्षांपूर्वी होती. निरोपाच्या भाषणात गुरुजींचं नाव बहुतेक सगळे घेतात. त्यांची ही सवय उचलली तर ते नाव घेण्याला अर्थ येईल.

पासष्ट ओळींतल्या चार किंवा पाचच भाषणात घ्यायच्या. निवडताना काही पथ्यं पाळावीत. पहिला-दुसरा नंबर येणाऱ्यांची नावं घेऊ नयेत, त्यांचं कौतुक प्रास्ताविकात होऊन गेलेलं असतं. मुलगे आणि मुली दोन्ही असावेत, गावातले आणि बाहेरगावाहून येणारे दोन्ही असावेत. घरची गरिबी, वडिलांचं व्यसन, थकलेली फी, आजार, आई नसणं यांतलं काहीही, कितीही प्रेमानं असलं तरी, माइकवर आणू नये. कपाशीच्या वेचणीसाठी एखादी मुलगी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेत येऊ शकली नाही आणि तरी तिनं वह्या पूर्ण केल्या, ही गोष्ट शिक्षकाला अभिमानाची वाटते. पण त्या मुलीला ती चारशे माणसांपुढं सांगितलेली आवडेलच असं नाही. ज्यांचं नाव घेणार त्यांना आदल्या दिवशी बाजूला बोलावून वाक्य वाचून दाखवावं आणि ‘हे सांगू का?’ असं सरळ विचारावं. ‘नको’ म्हटलं तर दुसरी ओळ घ्यावी. आपल्याकडे पासष्ट आहेत.

नावांचे उच्चारही तेव्हाच तपासून घ्यावेत. हजेरीपटावर एक लिहिलेलं असतं आणि घरी वेगळं म्हणतात. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेल्या मुलांची नावं आणि आडनावं दाखल करताना अनेकदा चुकीची लिहिली गेलेली असतात. पाच-सहा वर्षं चुकीचं हाक मारलेलं नाव निरोपाच्या दिवशी तरी बरोबर यावं.

वर्गाची चेष्टा करायचा मोह आवरावा. ‘आमचे हे महाशय वर्षभर झोपले’ म्हटलं की सगळे हसतात, तो मुलगाही हसतो. पण त्याचे आईवडील मागं खुर्च्यांवर बसलेले असतात. शिवाय या वर्गाची मागच्या बॅचशी तुलना कधीही करू नये, वरचढ म्हणूनही नाही आणि कमी म्हणूनही नाही.

भाषेविषयी थोडं सविस्तर. समोरच्या बहुतेक मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी, रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली, शहादा-तळोद्याकडे गुजर घरांत गुजरी, सातपुड्यात पावरी आणि भिलोरी, नवापूरकडे मावची. स्नेहसंमेलनात अहिराणी येते ती बहुतेक वेळा विनोदी नाटुकल्यात, हशा मिळवायला. निरोपाच्या भाषणात तिला मानानं आणावं. एकच वाक्य पुरे, पण ते गंभीर वाक्य असावं, धीर देणारं किंवा आपुलकीचं. शिक्षक बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले असतील तर त्यांनी ते वाक्य वर्गातल्याच एखाद्या मुलाकडून शिकून घ्यावं आणि त्याच्यासमोर तीनदा म्हणून दाखवावं. गावागणिक उच्चार बदलतो, म्हणून पुस्तकातून घेतलेलं वाक्य तिथल्या कानांना परकं लागतं. वर्गात तीन-चार बोल्या असतील तर एकीत बोलून बाकीच्या मुलांना बाजूला टाकण्यापेक्षा प्रत्येक बोलीतला ‘या’ हा एकच शब्द घ्यावा: पुन्हा शाळेत या, एवढ्या अर्थाचा. सगळ्यांना आपापला शब्द ऐकू येतो.

पाखरांना पंख फुटले, घरटं रिकामं झालं, आयुष्याची खरी परीक्षा आता सुरू होते, ही वाक्यं इतकी वापरून झाली आहेत की कानावर पडली तरी मनात उतरत नाहीत. उपमा घ्यायचीच असेल तर आसपासची घ्यावी, मात्र तिची पूर्ण माहिती करून घ्यावी. ‘केळीच्या झाडासारखं वर्षानुवर्षं फळ देत राहा’ असं रावेर किंवा यावलमध्ये म्हटलं तर पहिल्या ओळीतलं पोरगंही मान हलवतं. केळीचं खोड एकदाच निसवतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपतं, आणि पुढचं पीक बुडाशी राखलेल्या पिलावर येतं. हे ज्याला ठाऊक आहे तोच त्या उपमेतून खरं काही सांगू शकेल: जुन्या खोडानं जागा करून द्यायची असते, आणि सगळी पिलं ठेवून भागत नाही, एक निवडून बाकीची कापावी लागतात. कापूस, ज्वारी, दादर (रब्बीची ज्वारी) यांच्या उपमांचंही तसंच, आधी पूर्ण माहिती हवी. शेतकऱ्याच्या मुलांपुढं शेतीची उपमा देण्याआधी ती एखाद्या शेतकरी पालकाला ऐकवून घ्यावी.

थोरांचे दाखलेही तपासून घ्यावेत. बहिणाबाई चौधरींचा उल्लेख जळगाव जिल्ह्यात होतोच, आणि ‘त्यांनी पुस्तक लिहिलं’ असं सर्रास बोललं जातं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या, आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात आला. त्यांच्या तोंडच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. मुलांना हा तपशील सांगितला तर ‘निरक्षर असूनही थोर’ या ठरीव वाक्यापेक्षा खूप जास्त काही कळतं: कुणीतरी लिहून घेतलं म्हणून ते टिकलं. नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता यांचं नाव घेताना तारीख ९ सप्टेंबर १९४२ अशी बरोबर सांगावी. बेचाळीसच्या चळवळीतल्या मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात तो गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे समोर बसलेल्या मुलांच्याच वयाचा. तेवढं सांगून थांबावं. त्यापुढं ‘आणि तुम्ही मोबाइलमध्ये…’ असं सुरू केलं की मुलांचे कान मिटतात.

सात मिनिटांतली दीड-दोन मिनिटं उपयोगाच्या माहितीसाठी ठेवावीत. निरोपाच्या भाषणात परीक्षेची माहिती कशाला, असं काहींना वाटतं. पण पालक आणि मुलं एकत्र बसलेली असतात असा वर्षातला हा बहुधा शेवटचा दिवस. माइकवर तीनच गोष्टी सांगाव्यात. पहिली: परीक्षा केंद्र आपल्या शाळेत नसेल तर आदल्या दिवशी तिथं जाऊन यावं. गेल्या काही वर्षांत सकाळच्या सत्राचा पेपर अकराला आणि केंद्रावरची हजेरी साडेदहाला असते, म्हणून पाड्यावरून किंवा लांबच्या गावाहून येणाऱ्यांनी एसटीची कोणती फेरी धरायची ते घरी आजच ठरवावं. दुसरी: बैठक क्रमांक अंकांत आणि अक्षरांत लिहायचा सराव करावा, कारण पहिल्या पेपरला हात थरथरतो आणि खाडाखोड तिथंच होते. तिसरी गोष्ट निकालाविषयी, तिच्यावर पुढं येतो. त्या वर्षाच्या वेळा आणि नियम मात्र मंडळाच्या ताज्या परिपत्रकातून आणि हॉल तिकिटावरून घ्यावेत. मागच्या वर्षाच्या आठवणीवर विसंबू नये.

बाकी सगळं एका पाठपोट कागदावर छापून प्रत्येकाच्या हाती द्यावं. केंद्राचा पत्ता, एसटीच्या वेळा, शाळेच्या कार्यालयाचा फोन. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी कधी यायचं. अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाली आहे, म्हणून चालू असलेला मोबाइल क्रमांक आणि कागदपत्रं आतापासून तयार ठेवायची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गांसाठी नॉन-क्रिमीलेअर. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही हेही कागदावर स्पष्ट लिहावं, त्यापायी लोकांचे उगीच हेलपाटे होतात. आयटीआय आणि तंत्रनिकेतनाची प्रक्रिया अकरावीपेक्षा वेगळी असते, ती वेगळ्या चौकटीत द्यावी. हा मजकूर माइकवर वाचून दाखवू नये. दुसऱ्या ओळीपासून कुणी ऐकत नाही, आणि ज्याला हवा असतो त्याच्या हातात तो राहत नाही.

आता निकाल. दर वर्गात काही मुलं अशी असतात की ती पास होतील की नाही याची त्यांना स्वतःलाच खात्री नसते. सगळं भाषण यशाबद्दल असलं की ती खाली मान घालून बसतात. त्यांना ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ सांगून काही हाती लागत नाही. सांगायचं असेल तर हे सांगावं: एक-दोन विषय राहिले तरी सवलतीनं अकरावीला प्रवेश मिळतो, ज्याला एटीकेटी म्हणतात, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, पुढच्या मार्चपर्यंत थांबावं लागत नाही. आणि त्यापुढं शिक्षकाचं स्वतःचं एक वाक्य: ‘निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते एक मी ग्रंथालयाच्या खोलीत बसलेला असेन. कुणाला काहीही विचारायचं असेल तर यावं. ज्यांचे विषय राहिले त्यांनी आधी यावं.’ हे वाक्य पाळायचं असेल तरच म्हणावं. निकाल बहुधा उन्हाळी सुटीत लागतो, तेव्हा गावाला जाण्याचं आधीच ठरलं असेल तर हे काम कुणा सहकाऱ्यानं अंगावर घेतलं आहे ते नावानिशी सांगावं. वेळ, जागा आणि माणूस या तिन्हींपैकी एकही मोघम राहिलं तर मूल येत नाही.

मुलींसाठी एक वाक्य नक्की असावं. परीक्षा मार्चमध्ये संपते आणि लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत असते. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न कायद्यानं गुन्हा आहे, आणि मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे, एवढं शांतपणे, कुणाकडेही न पाहता, मुलगे आणि मुली दोघांनाही उद्देशून सांगावं. हा क्रमांक कागदावरही ठळक छापावा. हातवारे आणि भावनिक सूर इथं नकोत. ज्या मुलीच्या घरी बोलणी सुरू आहेत तिला फक्त क्रमांक ऐकू यायला हवा, आणि तिच्याकडे नजरा वळायला नकोत.

सुरुवात कशी करावी? ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर, पालक आणि मुलांनो’ एवढं पुरतं, त्याला दहा सेकंदंही लागत नाहीत. व्यासपीठावरच्या अकरा जणांची नावं आणि पदं सूत्रसंचालकानं घेतलेली असतात, ती पुन्हा घेत बसलं की पहिलं दीड मिनिट, म्हणजे मुलं सगळ्यात लक्षपूर्वक ऐकत असतात तो वेळ, वाया जातो. त्यानंतरचं पहिलं वाक्य त्या पासष्ट ओळींतलंच घ्यावं: ‘या वर्षी शाळेच्या झाडांना रोज सकाळी पाणी घालणारे तिघं आज तिसऱ्या ओळीत बसलेत.’ सगळ्या माना तिसऱ्या ओळीकडे वळतात आणि भाषण सुरू होतं. शेवटचं वाक्यही आधी लिहून पाठ करून ठेवावं. ते नसलं की ‘शेवटी एवढंच सांगतो’ तीनदा येतं आणि सातची बारा मिनिटं होतात.

लिहिलेलं भाषण पुठ्ठ्याच्या चतकोरांवर उतरवून घ्यावं. अक्षर ठळक, एका चतकोरावर आठ-दहा ओळी, कोपऱ्यात आकडा. सुट्या पानांना वारा लागतो, आणि मोबाइलवरून वाचायला गेलं की दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही आणि नेमका तेव्हाच फोन येतो. नावं आणि आकडे लाल शाईनं लिहावेत. घरी तीनदा मोठ्यानं, उभं राहून, घड्याळ लावून म्हणावं. मनात वाचलेलं भाषण नेहमी पाच मिनिटांचं वाटतं, तोंडानं म्हटलं की नऊ भरतं. जिथं जीभ अडते तिथं वाक्य लांब असतं, त्याचे दोन तुकडे करावेत.

माइकची तपासणी कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास स्वतः करावी. शाळांतला साउंड बहुतेक ठिकाणी सारखाच: एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे किंवा कॉलम, एक वायरचा माइक आणि एक कॉर्डलेस. शिट्टी वाजते ती भोंग्यातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो म्हणून. भोंगे व्यासपीठाच्या मागं किंवा माइककडे तोंड करून बांधलेले असतील तर ते पुढं, मुलांच्या बाजूला तोंड करून लावून घ्यावेत. शिट्टी आली की काही जण माइकची जाळी मुठीत धरतात, त्यानं ती वाढते. माइक दांड्याच्या मध्यावर धरावा, तोंडापासून चार बोटं अंतरावर आणि हनुवटीच्या किंचित खाली. अगदी तोंडासमोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांना भोंगा फाटतो. कॉर्डलेसमध्ये त्या दिवशी नवे सेल घालावेत, जुने अर्ध्या कार्यक्रमात उतरतात. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, तिथं आवाज वाढवून उपयोग नाही. प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास थांबावं, आधीचा घुमारा विरला की पुढचं बोलावं. वीज गेली तर व्यासपीठावरून खाली उतरावं, पहिल्या ओळीशी उभं राहावं आणि मागच्या मुलांना पुढं सरकून बसायला सांगावं.

आणि गळा दाटून आला तर? तो येतोच, बहुधा नावांपाशी. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण रडत बोललेले शब्द कुणाला कळत नाहीत, आणि मग सगळा वर्ग रडायला लागतो. बोलणं थांबवावं, श्वास हळूहळू पूर्ण बाहेर सोडावा, साधं पाणी एक घोट प्यावं, फ्रिजचं नको. नजर मुलांच्या चेहऱ्यांवरून उचलून समोरच्या इमारतीवर किंवा झाडावर ठेवावी आणि पुढचं वाक्य नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत, हातातल्या पुठ्ठ्यावरून वाचावं. पुठ्ठा खरा इथंच कामाला येतो. मुलं थांबतात, पाच सेकंदांची शांतता त्यांना जड होत नाही.

आता उरलेल्या साठ ओळी. त्या वाया घालवू नयेत. बऱ्याच शाळांत हॉल तिकिटं समारंभाच्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांनी वाटली जातात, आणि हे काम कार्यालयाच्या खिडकीतून लिपिकांवर सोपवलेलं असतं. ते वर्गशिक्षकानं मागून घ्यावं. एका टेबलावर हॉल तिकिटं आणि ती बारा दिवस भरलेली वही ठेवावी. मुलाला नावानं बोलवावं. त्याच्यासमोर तिकिटावरचं नाव, आईचं नाव, माध्यम, विषय आणि फोटो तपासावा. मुख्याध्यापकांची सही-शिक्का आहे ना ते पाहावं. चूक असेल तर तिथंच नोंद घ्यावी, दुरुस्ती शाळेमार्फतच व्हायची असते आणि तिला दिवस लागतात. मग वहीतली त्याची ओळ त्याला एकट्याला ऐकू जाईल अशी वाचून दाखवावी आणि तिकीट हातात द्यावं. प्रत्येकी अर्धं मिनिट धरलं तर पासष्ट मुलांना तेहतीस मिनिटं लागतात. आचाऱ्याला पंगतीची वेळ सांगताना ही तेहतीस मिनिटं आधीच धरून सांगावी.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
ता. अमळनेर, जि. जळगाव